डंखावरच्या दोघी

"ऐकू येत नाही."

दादरच्या फिल्म मंडळाच्या त्या खोलीत फिल्म संपून दिवे लागले आणि पहिला शब्द पडला तो हा. मग काय, एकाने तोंड उघडल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार. एक म्हणाली साउंड वाईट आहे. दुसरा म्हणाला, वाईट कसला, साउंडच नाही, नुसती धडधड आहे. एक दाढीवाला होता, ज्याने स्वतः आजवर एक फ्रेम काढली नव्हती, तो म्हणाला, "क्लायमॅक्सलाच तोंडं हलतायत आणि शब्द नाहीत. जेवायला बोलावून ताट झाकून ठेवल्यासारखं झालं हे." लोक हसले. मेला बोलला चांगलं, म्हणून जास्तच लागलं.

सुरुची परब पुढच्या खुर्चीवर बसून हे सगळं गिळत होती. फिल्म तिची होती. पहिलीच. आठवड्याचे पाच दिवस फोर्टातल्या विमा कंपनीत दाव्यांच्या फायली उपसायच्या आणि उरलेल्या दोन दिवसांत शूटिंग, असं करत करत तिने वर्षभरात ती उभी केली होती. नाव 'राखण'. सुरुची जन्मली लालबागला, वाढली लालबागला, आणि एरवी कोणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. पण त्या दिवशी "मला ते तसंच हवंय," एवढंच ती म्हणाली.

"का?" वैदेही कर्णिकने विचारलं.

वैदेहीताई म्हणजे त्या मंडळाच्या सर्वेसर्वा. साठी ओलांडलेल्या, स्वतः फिल्म केलेल्या, आणि नवशिक्यांच्या अर्ध्याकच्च्या फिल्म बघून न चिडता बोलणाऱ्या. दर वर्षी त्यांचा एक महोत्सव असे. त्यातला संध्याकाळचा खेळ म्हणजे गच्च भरलेलं सभागृह आणि शहरातली सगळी जाणती मंडळी. त्या खेळात आपली फिल्म लागावी म्हणून खोलीतले सगळेच देव पाण्यात घालून बसले होते, सुरुचीसुद्धा.

त्यांच्या "का?"ला सुरुचीकडे उत्तर नव्हतं. पोटातून वाटत होतं की ते तसंच हवं. पण पोटातलं काही सभेत मांडता येत नाही.

"तुझी नजर चांगली आहे," वैदेहीताई म्हणाल्या. "आईचा चेहरा तू जसा धरलायस तसा मला तुझ्या वयात जमला नसता. पण प्रेक्षकाला दाराबाहेर उभं करू नकोस. त्या दोघी काय बोलतात ते ऐकव, नाहीतर खाली अक्षरं दे. महिनाअखेरीपर्यंत नवी कॉपी आण. संध्याकाळच्या खेळाची पहिली फिल्म तुझी."

आता सांगा, यापेक्षा चांगलं काय मिळायचं राहिलं होतं? सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. दाढीवाल्याने तर टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि ही बया घरी जाताना दात-ओठ खात गेली.

फिल्ममध्ये होतं काय ते सांगायला हवं. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत उन्हाळ्यात ज्याने पाय ठेवलाय त्याला डंख म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. जमिनीत बसवलेली लोखंडी उखळं, आणि मोटारीवर वर जाऊन दाणकन खाली येणारी मुसळं. ओळीने. एक थांबलं तर दुसरं चालू. त्या आवाजात शेजारी फटाका फुटला तरी कळणार नाही. बाया मिरच्यांना ऊन देऊन, देठं काढून, खडा मसाला भाजून डबा घेऊन येतात, आपल्या उखळापाशी बसतात, आणि मसाला चाळून डब्यात परत पडेपर्यंत जागच्या हलत नाहीत. नाकाला पदर, डोळ्यांना धार, पण नजर उखळावर. शेजारणीची मिरची आपल्यात येता कामा नये आणि आपली पसाभर तिच्यात जाता कामा नये. वर्षभराच्या कालवणाचा प्रश्न असतो. रुसून माहेरी गेलेली सून एक वेळ परत येईल, पण दुसरीच्या डब्यात गेलेला मसाला येत नाही.

सुरुचीला ही राखण टिपायची होती. आई, म्हणजे सरोजिनी परब, दरवर्षी बसते तशी बसणार, आणि कॅमेरा समोर स्टँडवर. बस. बाकी काही घडवायचं नव्हतं. पण घडलं, कारण त्याच सकाळी त्याच डंखावर वृंदाकाकी आली.

वृंदाकाकी सुरुचीच्या सख्ख्या काकाची बायको. सगळे एका चाळीत, एका खोलीत, एका चुलीवर होते. चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि त्या धांदलीत दोन भावांचं बिनसलं. खोलीवरून बिनसलं की घरचा गणपती कोणाकडे बसणार यावरून, हे आता त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नाही. काका-काकी कॉटन ग्रीनला राहायला गेले. भाऊ निदान लग्नाकार्यात एकमेकांना "काय, बरं ना?" म्हणत. जावांनी तेवढंही ठेवलं नाही. मात्र काकीने माणसं सोडली तरी डंख सोडला नाही. दुसरीकडचं कुटण तिच्या पसंतीला उतरत नव्हतं. म्हणून दर उन्हाळ्यात कॉटन ग्रीनहून डबा घेऊन लालबागला यायची आणि जाऊ आधी येऊन गेली का याचा अंदाज घेऊनच गल्लीत शिरायची.

त्या दिवशी अंदाज चुकला. दोघी समोरासमोर आल्या. आणि दोघींनीही, बघायचं नाही म्हणून, मान फिरवली. आईने कॅमेऱ्याकडे, काकीने रस्त्याकडे.

इतक्या वर्षांत ज्यांनी उखळावरची नजर काढली नव्हती त्या दोघींनी ती एकाच क्षणी काढली. आणि नेमके तेव्हाच डंखावरच्या माणसाने डबे उचलले. जोडीचे स्टीलचे डबे. सुरुचीच्या आजोबांनी गिरणीत असताना घेतलेले, वाटणीत एकेक गेलेले, आणि दोन्हींवर एकच नाव कोरलेलं, रामचंद्र सखाराम परब. त्याने नाव वाचलं, घर एकच समजला, आणि दोन्ही डबे एका उखळात ओतले. मुसळ खाली आलं.

आई उठली. काकी उठली. दोघींनी उखळात बघितलं, मग डब्यांकडे, मग शेवटी, काही इलाज नाही म्हणून, एकमेकींकडे. आता वेगळं कसं करणार? बेडगी कोणाची आणि लवंगी कोणाची हे मुसळाला थोडंच कळतं. दोघी एका बाकड्यावर बसल्या, एकाच उखळाची राखण करत. बराच वेळ तशाच. मग धडधडीत काकीचे ओठ हलले. आईने मान न वळवता काहीतरी उत्तर दिलं. मग आई बोलली. बराच वेळ बोलली. काकीने पदराने डोळे पुसले, पण तिथे सगळेच पुसतात, त्यावरून काही कळत नाही. शेवटी मसाला चाळून झाला, दोघींनी तो तागडीवर निम्मा निम्मा करून घेतला, आणि आपापल्या वाटेने गेल्या. बाहेर आल्यावर पुन्हा अबोला. जणू आत काही घडलंच नाही.

कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या सुरुचीला एक शब्दही ऐकू आला नव्हता. तिने तो सगळा भाग अखंड, न कापता फिल्ममध्ये ठेवला होता. काकीची परवानगी मागायला ती नंतर कॉटन ग्रीनला गेली तेव्हा काकी म्हणाली, "दाखव गो. माझां तोंड काय वायट नाय."

तर या प्रसंगावर दादरकर अडून बसले होते.

शनिवारी दुपारी सुरुची गिरगावात खोताच्या वाडीत शंतनुकडे गेली. शंतनु तिचा एडिटर, कॉलेजपासूनचा दोस्त. लाकडी जिन्याच्या वरच्या खोलीत दोन मॉनिटर आणि एक पंखा एवढाच त्याचा संसार. ती आत शिरते न शिरते तोच तो म्हणाला, "बस. हेडफोन लाव. लॉटरी लागलीय आपल्याला."

झालं होतं असं की शूटिंगच्या दिवशी आईच्या पदराआड एक बारीक माईक लावलेला होता. त्यावर धडधडच जास्त आली म्हणून त्यांनी तो ट्रॅक बाजूला टाकला होता. शंतनुने आता कुठल्याशा नव्या सॉफ्टवेअरमधून तो काढला आणि धडधड पुसून टाकली. खाली राहिली ती दोन बायकांची बोलणी. स्वच्छ. देवघरातली घंटा ऐकावी इतकी स्वच्छ.

सुरुचीने नको म्हणायच्या आत त्याने बटण दाबलं.

त्या काय बोलल्या ते मी इथे सांगणार नाही. सुरुचीने कोणाला ऐकवलं नाही, मी कोण ऐकवणार. एवढं सांगते की शंतनुने ते आधी चारदा ऐकलं होतं आणि तरी पाचव्यांदा त्याचे डोळे भरले. एक वाक्य तर असं होतं की सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने रुमाल शोधला असता. सुरुचीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"हे टाकलं ना, तर वैदेहीताई उभ्या राहून टाळ्या वाजवतील," शंतनु म्हणाला. "मी टाकून पण बघितलंय. बघ."

तिने बघितलं. मुसळं वर-खाली होत होती, पण लांबून कुठूनतरी ठकठक आल्यासारखी. आणि आई नि काकी दिवाणखान्यात चहा घेत बोलाव्यात तशा बोलत होत्या. खाली पांढरी अक्षरं. फिल्म संपली तेव्हा सुरुचीच्या लक्षात आलं की तिने सबंध वेळ अक्षरंच वाचली. आई उत्तर देताना तिची बोटं बाकड्याच्या कडेवरून सरकत सरकत काकीच्या पदराच्या टोकाला लागतात आणि तिथेच थांबतात, ते तिने या वेळी बघितलंच नाही. ती बोटं टिपली तेव्हा तिला कळलं होतं की आपल्याकडे फिल्म आहे. आता ती बोटं पडद्यावर असूनही हरवली होती.

"नाही रे," ती म्हणाली. "हे ते नाही."

"म्हणजे काय, ते नाही? यार, सोनं आहे हे."

"असेल. पण हे माझं नाही."

"तुला एक सांगू? हट्ट आणि कला यात फरक असतो." शंतनु चिडला होता. बरोबर आहे, त्याने त्या ट्रॅकवर आठवडा घातला होता. "तू आधी ठरव, तुझं यातलं काय चाललंय ते. आणि हे कारण तू वैदेहीताईंना सांगणार आहेस? ते नाही, माझं नाही?"

त्याचं म्हणणं खरं होतं. तिला स्वतःलाच भीती वाटत होती की हा नुसता हट्ट असेल. पहिलीच फिल्म. एवढी माणसं एक सांगतायत, आपण एकटीच दुसरं सांगतोय. त्यांनी शंभर फिल्म बघितल्यात, आपण एक केलीय. आपलं पोट म्हणजे काय विद्यापीठ लागून गेलं?

घरी आली तर बाबा टीव्हीसमोर. त्यांना सगळा वृत्तांत कळला होता. "लोक ऐकू येत नाही म्हणतायत तर आवाज वाढव की," ते म्हणाले. "एवढा काय त्यात विचार करायचा?"

सुरुची स्वयंपाकघरात गेली. आई ओल्या नारळाचं खोबरं मिक्सरच्या भांड्यात भरत होती. "आई," सुरुची म्हणाली, "डंखावर तू नि काकी जे बोललात, ते लोकांनी ऐकलं तर?"

आईचा हात थांबला. "तुका ऐकाक इला?"

"हो. शंतनुने काढलं आवाजातून."

आईने मिक्सरचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. सुरुचीला वाटलं आता आई नको म्हणेल. मनातून ती वाटच बघत होती. आईने नको म्हटलं की सुटलीच ना ती. वैदेहीताईंना सांगायचं, आईची हरकत आहे, माझा नाइलाज आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

"माका काय इचारतंस?" आई म्हणाली. "तुझो पिक्चर, तूच बघ."

एवढं बोलून तिने मिक्सर सुरू केला. त्या घरघराटात बाबा पाणी प्यायला आत आले. आई त्यांच्या बाजूला सरकली आणि काहीतरी बोलली. तिचे ओठ हलताना सुरुचीने बघितले. बाबांनी ग्लास खाली ठेवला, आईकडे बघितलं, मान हलवली. मिक्सर थांबला. बोलणंही थांबलं. बाबा टीव्हीसमोर जाऊन बसले, आणि आई वाटण काढू लागली.

सुरुची जागच्या जागी उभी राहिली. डोक्यात लख्ख उजेड पडला.

अरे, हे तर आपण जन्मापासून बघतोय. चाळीतली खोली, मधे फळीची भिंत, पलीकडे पाध्यांचं बिऱ्हाड, अलीकडे आजोबा खाटेवर. कोणी कूस बदलली तरी सगळ्यांना कळायचं. मग दोन जावांनी मनातलं बोलायचं कधी? तर आंघोळीचं पाणी तापवायला स्टोव्हला पंप मारला की. स्टोव्ह फरफरायला लागला की दोघी त्याच्याजवळ डोकी आणायच्या. सुरुची तेव्हा पोटमाळ्यावर पालथी पडून खाली बघायची. काकीचे खांदे हसून हलायचे, आई तिच्या पाठीत चापटी द्यायची. कधी दोघी डोळे पुसायच्या. शब्द एकही यायचा नाही आणि पोर तासभर बघत राहायची. तिने पाहिलेला पहिला सिनेमा तोच. आणि त्यात तिला कधी काही कमी वाटलं नव्हतं.

डंखावर त्या दोघी बोलल्या कारण डंख वाजत होता. आवाज होता म्हणून बोलल्या. तो आवाज पुसला तर मागे जे राहतं ते खरं असेल, पण ते त्यांनी कधी केलेलंच नाही. आवाज नसता तर त्या मेल्या तरी तोंड उघडत्या ना.

रविवारी सुरुची पुन्हा खोताच्या वाडीत हजर. शंतनुने तोंड वाकडं केलं, पण दार उघडलं. तिने त्याला स्टोव्ह सांगितला, मिक्सर सांगितला. तो डोकं खाजवत म्हणाला, "ओके. समजलं. पण मग लोकांना ती चूक का वाटली?"

प्रश्न नेमका होता आणि त्याचं उत्तर त्यांना फिल्म पुन्हा बघताना सापडलं. पहिल्या कॉपीत त्यांनी आवाज भीत भीत ठेवला होता. लोकांचे कान दुखू नयेत म्हणून थोडा कमी, बोलणं थोडं कळावं म्हणून थोडा बाजूला. ना धड ऐकू येत होतं, ना धड बुडत होतं. बघणाऱ्याला वाटणारच की पोरांना साउंड जमला नाही. आवाज ठेवणं चुकलं नव्हतं. घाबरून ठेवणं चुकलं होतं.

मग दोघांनी पदर खोचला. सुरुवातीला गच्चीत वाळणाऱ्या मिरच्यांचे देखणे शॉट होते, सुरुचीचे लाडके, त्यातले निम्मे तिने स्वतः उडवले, कारण दाढीवाला त्यांना कंटाळवाणे म्हणाला होता आणि तिथे मेल्याचं बरोबर होतं. आवाज तिने गल्लीच्या तोंडापासून सुरू केला, पावलापावलाने चढवत नेला, आणि जावा बाकड्यावर बसेपर्यंत तो असा भरला की दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. खाली अक्षरं नाहीत. संगीत होतं थोडं, तेही काढलं. साफ केलेला ट्रॅक तिने शंतनुला पुसायला लावला. "कायमचा?" त्याने विचारलं. "कायमचा," ती म्हणाली. त्याला ते फार जिवावर आलं, पण पुसला.

वैदेहीताईंनी नवी कॉपी बघितली आणि फोन केला. "सुरुची, मी सांगितलं त्याच्या बरोबर उलट केलंस तू."

"हो, ताई." या वेळी तिच्याकडे उत्तर होतं. "आवाज होता म्हणून त्या बोलल्या. तो काढला तर त्या बोलल्याच नसत्या."

"हे तुला कळलंय. प्रेक्षकाला कसं कळायचं?"

"नाही कळलं तर नाही कळलं, ताई. पण मी बदलणार नाही."

"ठीक आहे. फिल्म तुझी आहे. पण संध्याकाळचा खेळ मी देऊ शकत नाही, तिथे मला पन्नास लोकांना उत्तरं द्यावी लागतात. सकाळचा देते. सकाळी कोण येतं ते तुला माहितेय. रिकाम्या खुर्च्या."

"चालेल," सुरुची म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. संध्याकाळचा खेळ हवा होता तिला, खूप हवा होता. तोंड धुतलं आणि बाहेर आली.

रिकाम्या खुर्च्या म्हणे. सुरुची दुसऱ्याच दिवशी मसाल्याच्या गल्लीत गेली आणि डंखावर बसलेल्या एकेका बाईला आमंत्रण दिलं. टॉवरमधल्या जुन्या चाळकऱ्यांना दिलं. मग कॉटन ग्रीनला गेली.

"माका कशाक बोलवतंस?" काकी म्हणाली. "तुझी आवस येतली ना?"

"येणारच ती."

"मगे मी येवचंय नाय."

"काकी, तू नाही आलीस तरी पडद्यावर आहेसच. आलीस तर बरं वाटेल मला." असं म्हणून ती उठली. जास्त आग्रह केला नाही. काकीला आग्रह केला की ती आडवी लागते हे तिला ठाऊक होतं.

खेळाच्या सकाळी दादरच्या सभागृहात भलतीच गर्दी झाली. लालबागच्या बाया ठेवणीतल्या साड्या नेसून, पिशवीत लाडू-चिवडा घेऊन आल्या आणि खुर्च्या धरताना त्यांनी एवढा गलका केला की मंडळाची पोरं भांबावली. आई दुसऱ्या रांगेत बसली. खेळ सुरू व्हायला आला तेव्हा काकी आली. इकडे तिकडे बघितलं. जागा उरली होती ती दुसऱ्या रांगेतच. ती आईपासून एक खुर्ची सोडून बसली. मधल्या खुर्चीवर आईची पर्स होती. दोघी समोर बघत राहिल्या.

सुरुची पार मागे, आवाजाच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. फिल्म सुरू झाली. बाया स्वतःची गल्ली ओळखून कुजबुजल्या, डंखावरचा माणूस दिसताच कोणीतरी हसलं. दोन डब्यांवरचं नाव दिसलं, डबे एका उखळात रिकामे झाले, आणि सगळ्या सभागृहाने "अगं बाई" केलं. अशा वेळी जीव कसा खालीवर होतो हे त्यांना कोणी समजावून द्यायला नको होतं.

दोघी बाकड्यावर बसल्या. धडधड चढली. आणि चढता चढता एकदम खाली आली.

सुरुचीने बाजूला बघितलं. आवाजाच्या टेबलावर बसलेल्या निलेशने बटण खाली ओढलं होतं. "मॅडम, लोक कानावर हात ठेवतायत," तो म्हणाला. "ट्रॅक खराब आहे इथे. मी सांभाळतो." भला माणूस होता, त्याला वाटलं आपण फिल्म वाचवतोय.

पडद्यावर काकीचे ओठ हलत होते. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. तोच पहिल्या दिवसाचा शब्द आता कोणाच्या तरी तोंडून निघणार हे सुरुचीला दिसत होतं.

"वर करा," ती म्हणाली.

"मॅडम, स्पीकर..."

"स्पीकरचं मी बघते. वर करा. खराब नाहीये, मी तसं केलंय."

तो घुटमळला, आणि मागून दार उघडून आत आलेल्या वैदेहीताईंकडे त्याने बघितलं. सुरुचीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तिने हात पुढे केला, निलेशच्या बोटांखालचं बटण धरलं आणि वर नेलं. पूर्ण वर.

सभागृह धडधडलं. खुर्च्या थरथरल्या. पायांखालची फरशी कळू लागली. आता कोणाचं काही ऐकू येण्याचा प्रश्नच उरला नाही. पडद्यावर आईची बोटं बाकड्याच्या कडेवरून सरकू लागली. सगळी माणसं ती बोटं बघत होती, कारण बघण्याशिवाय दुसरं काही करायला नव्हतं. आणि मग चौथ्या रांगेत एका बाईने शेजारणीच्या कानाशी तोंड नेलं. पुढे आणखी एकीने. या आवाजात बसायचं कसं हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. बसल्या जागी, अंधारात, बाया बोलू लागल्या.

सुरुचीची नजर दुसऱ्या रांगेवर गेली. आईने मधल्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. काकी काही क्षण तशीच समोर बघत राहिली. मग ती एक खुर्ची सरकली. आईने तिच्या कानाला लागून काहीतरी म्हटलं. काकीचे खांदे हसून हलले, पोटमाळ्यावरून दिसायचे तसे.

वैदेहीताई सुरुचीच्या शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांनीही तिकडेच बघितलं, पडद्यावरच्या दोघींकडे आणि खुर्च्यांवरच्या दोघींकडे. बराच वेळ बघत राहिल्या. मग सुरुचीच्या कानाशी वाकून त्यांनी मोठ्याने विचारलं, "काय बोलतायत गं त्या?"

"ऐकू येत नाही," सुरुची म्हणाली, आणि बटणावरचा हात तिने काढला नाही.